दूरस्थांची सभा

इ. स. १९१६ च्या मे महिन्याच्या १६ तारखेस रात्रीं न्यूयॉर्क शहरांत एका अध्यक्षांनीं सभेस आरंभ झाल्याचें पुकारलें, आणि त्यांचे शब्द त्याच क्षणीं तीन हजार मैलांच्या सुमारास दूर असलेल्या सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सभागृहांतहि ऐकूं गेले. सभा अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेची होती, आणि अध्यक्ष जॉन कार्टी हे टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते होते. ॲटलांटा, बॉस्टन, शिकागो, डेन्व्हर, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, सॉल्ट लेक सिटी व सॅन फ्रॅन्सिस्को अशा आठ शहरांत मिळून पांच हजारांहून अधिक सभासद बसले होते. प्रत्येकाच्या खुर्चीपाशीं कानाला लावावयाचें टेलिफोनचें यंत्र ठेवलेलें होतें. अध्यक्षांनीं एकेका शहराचें नांव घेतलें आणि त्या त्या शहरानें ओ दिली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा संदेश वाचण्यांत आला, ठराव मांडले गेले, मतें घेतलीं गेलीं. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाणारी टेलिफोनची तार सुरू होऊन त्या वेळीं अवघे सोळा महिने झाले होते.

त्या रात्रीं सभासदांना एकमेकांचें बोलणें ऐकूं येत होतें. मुख मात्र कोणाचेंहि दिसत नव्हतें. तरी ती सभाच होती, कारण सभेला जें लागतें तें सारें तेथें होतें: अध्यक्ष, हजेरी, ठराव आणि मत. यानंतर शंभर वर्षें होतात न होतात तोंच माणसें पडद्यासमोर बसून, किंवा डोळ्यांवर यंत्र चढवून, जेथें वीट नाहीं, तुळई नाहीं, सतरंजी नाहीं अशा सभागृहांत जमूं लागलीं. तेथें त्यांनीं व्याख्यानें ऐकलीं, व्यापाराच्या बैठकी भरविल्या, लग्नाच्या शुभेच्छा दिल्या, आणि एकदां तर संपहि केला. या सृष्टीला इंग्रजींत 'व्हर्च्युअल रिॲलिटी' म्हणतात. मराठींत 'आभासी वास्तव' हा शब्द रूढ झाला आहे. आभास आणि वास्तव यांची अशी सोयरीक जुन्या वेदान्त्यांस रुचली असती कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

या विषयाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या सालीं भिंग आलें, कोणत्या सालीं पडदा आला, एवढ्यावर तो आटोपतो. वस्तुतः या गोष्टीला दोन बाजू आहेत, आणि त्या वेगवेगळ्या वाढल्या. दूरचें स्थळ आपणांस दिसावें ही एक बाजू. आपण त्या दूरच्या स्थळीं इतरांस दिसावें ही दुसरी. महाभारतांत कुरुक्षेत्रावरील युद्धाचा सारा वृत्तांत धृतराष्ट्राला संजयाच्या मुखानें बसल्या जागीं कळतो. परंतु धृतराष्ट्र कुरुक्षेत्रावर हजर होता असें कोणी म्हणत नाहीं. तेथील सर्व कांहीं त्याला कळत होतें, पण तेथें तो कोणासहि दिसत नव्हता. उलटपक्षीं महाराष्ट्रांतील सरदार घराण्यांत नवरदेवाच्या ऐवजीं त्याचा खांडा पाठवून लग्न लावण्याची चाल होती. वराला तेथील कांहींच दिसत नसे. परंतु मंडपांतील मंडळींपुढें तो खांड्याच्या रूपानें उभा असे, आणि त्या विवाहास कोणी खोटा म्हणत नसे. पाश्चात्य देशांत शेंदीडशें वर्षें जी खटपट चालली ती, मोजक्या शब्दांत सांगावयाची तर, संजयाची दृष्टि आणि सरदाराचा खांडा हीं दोन एका यंत्रांत आणण्याची खटपट होय.

संजयाच्या बाजूची प्रगति आधीं झाली. एडिंबरोच्या रॉबर्ट बार्कर यानें १७८७ सालीं वर्तुळाकार चित्राचें पेटंट घेतलें, आणि १७९३ सालीं लंडनच्या लेस्टर चौकांत त्यासाठीं खास गोल इमारत उभी केली. मध्यभागीं उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला ज्या बाजूस वळावें त्या बाजूस शहर किंवा रणभूमि दिसे. चित्राची चौकट कोठेंच नसे. १८३८ सालीं चार्ल्स व्हीटस्टन यानें रॉयल सोसायटीपुढें असें दाखविलें कीं, दोन डोळ्यांना किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दाखविलीं तर मन त्यांची एक घन वस्तु बनवितें. त्याचें यंत्र आरशांचें होतें. पुढें डेव्हिड ब्रूस्टर यानें भिंगांचें सुटसुटीत यंत्र केलें, १८५१ च्या लंडन प्रदर्शनांत तें गाजलें, आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत जाऊन पोहोंचलें. आजच्या शिरोयंत्रांतील चित्राचें तत्त्व व्हीटस्टनचेंच आहे. त्यांत मूलतः कांहीं बदललेलें नाहीं. महाराष्ट्रांतहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं कांचेवरील रंगीत चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर हालतीं करून दाखविलीं, आणि त्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असें भारदस्त नांव दिलें. मायावी शंबरासुराचा कंदील, असा त्याचा अर्थ. आभासी वास्तवाला मराठींत याहून चांगलें नांव मिळालें असतें कीं काय, याची शंका आहे.

कानाच्या बाबतींत पॅरिसनें आघाडी घेतली. १८८१ सालच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडून तेथील गायन तारेनें प्रदर्शनांत आणलें. प्रत्येक श्रोत्याला दोन कानांसाठीं दोन वेगळ्या तारा दिल्या असल्यामुळें गायिका डावीकडून उजवीकडे गेली तर तेंहि ऐकणाऱ्याला कळे. व्हिक्टर ह्यूगो यानें हा चमत्कार अनुभवला होता. पुढें 'थिएट्रोफोन' या नांवानें तो धंदा झाला आणि बोलपट येईपर्यंत टिकला. परंतु रंगमंचावरील नटाला आपल्या त्या दूरच्या श्रोत्याची दाद कधींच ऐकूं आली नाहीं. घरीं बसलेला रसिक टाळ्या वाजवी त्या आपल्याच खोलींत.

खांड्याच्या बाजूचें एक मनोरंजक उदाहरण तारायंत्राच्या काळांत सांपडतें. १८७६ सालीं ॲरिझोनांतील कँप ग्रँट या लष्करी ठाण्यावरील एका तारमास्तराचें लग्न ठरलें. वधू लांबचा प्रवास करून तेथें येऊन पोहोंचली. परंतु लग्न लावण्यास धर्मोपदेशक कोठें मिळेना. शेवटीं शेंकडों मैल दूर असलेल्या सॅन डिएगोच्या धर्मोपदेशकानें तारेवरून प्रश्न विचारले, वधूवरांनीं तारेवरून होकार दिले, आणि त्या मार्गावरील निरनिराळ्या ठाण्यांवरचे तारमास्तर, जे एऱ्हवीं एकमेकांस केवळ कडकट्ट आवाजानेंच ओळखत, ते पाहुणे म्हणून तारेवर हजर राहिले व त्यांनीं अभिनंदनें पाठविलीं. मंडप नाहीं, मुख नाहीं, आवाज सुद्धां नाहीं. तरी त्या तारमास्तरांना आपण एका लग्नास हजर होतों असें वाटलें असावें, आणि त्यांचें तें वाटणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं.

चित्र आणि आवाज एकत्र धाडण्याचे प्रयत्न विसाव्या शतकांत पुष्कळ झाले. जर्मनींत १९३६ सालीं बर्लिन व लाइप्झिग यांच्या दरम्यान चित्र दाखविणारा सार्वजनिक टेलिफोन सुरू झाला. युद्धामुळें तो बंद पडला. अमेरिकन टेलिफोन कंपनीनें १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनांत 'पिक्चरफोन' मांडला आणि १९७० सालीं पिट्सबर्ग शहरांत तो विकावयास काढला. एका यंत्राचें भाडें महिन्याला १६० डॉलर. गिऱ्हाइकें फार थोडीं मिळालीं. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्या घरीं तेंच यंत्र नसेल तर आपलें यंत्र केवळ शोभेचें, ही त्यांतील मोठी अडचण. आणि सकाळीं उठल्याबरोबर आपलें तोंड दुसऱ्यास दाखविण्याची हौस फारशी कोणास नव्हती, ही तिच्याहून मोठी.

याच सुमारास चित्र पाहण्याऐवजीं चित्राच्या आंत शिरण्याची कल्पना निघाली. मॉर्टन हाइलिग या चित्रपटवाल्यानें 'सेन्सोरामा' नांवाची पेटी बनविली. तिचें पेटंट १९६२ सालचें. तींत डोकें घालून बसलें कीं मोटारसायकलवरून शहर फिरल्याचा भास होई. बैठक थरथरे, वारा लागे, वासहि येई. पैसे घालणाऱ्यास पुरवठादार मिळाला नाहीं असें नव्हे, तर पुरवठादारालाच पैसे घालणारा मिळाला नाहीं, आणि ती कल्पना तेथेंच राहिली. पण पेटी एकट्यासाठीं होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शहर फिरणाऱ्याला त्या शहरांत ओळखीचें कोणी भेटण्याची सोय नव्हती.

मग १९६८ सालचा डिसेंबर महिना उजाडला, आणि या इतिहासांत जो योग क्वचित् येतो तो आला. सॅन फ्रॅन्सिस्को येथें संगणकशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिच्या कार्यवृत्तांत आयव्हन सदरलंड यानें आपल्या शिरोयंत्राची हकीकत प्रसिद्ध केली. डोळ्यांपुढें दोन लहान काचनळ्या, आणि डोक्याची हालचाल मोजण्यासाठीं छतापासून लोंबणारा एक दांडा. घालणाऱ्याला खोलीच्या मध्यभागीं प्रकाशरेषांचा एक घन तरंगतांना दिसे, आणि त्याच्याभोवतीं फिरलें तर त्याची पलीकडची बाजूहि दिसे. त्या लोंबत्या दांड्याला विनोदानें 'डॅमॉक्लीसची तलवार' म्हणत. ग्रीक कथेंत ही तलवार राजाच्या आसनावर केसाला टांगलेली असते. तलवार आली खरी. परंतु सरदाराच्या खांड्याप्रमाणें ती कोणाची प्रतिनिधि नव्हती. तो घन पाहणारा मनुष्य त्या घनाच्या जगांत कोणासहि दिसत नव्हता.

त्याच परिषदेंत ९ डिसेंबर रोजीं डग्लस एंगलबार्ट यानें सुमारें हजार श्रोत्यांपुढें दीड तास एक प्रयोग करून दाखविला. त्याचा संगणक तेथून तीसएक मैलांवर मेन्लो पार्क येथें होता. पडद्याच्या एका कोपऱ्यांत तिकडील सहकाऱ्याचा चेहरा दिसूं लागला, आणि दोघे एकाच लेखावर, दोन गांवांतून, एकाच वेळीं काम करूं लागले. सदरलंडजवळ जग होतें पण सोबती नव्हता. एंगलबार्टजवळ सोबती होता पण दोघांनीं उभें राहावें असें जग नव्हतें. एकाच परिषदेंत हीं दोन अर्धीं शेजारीं शेजारीं मांडलीं गेलीं. त्यांचा सांधा जुळण्यास पुढें वीस वर्षें लागलीं.

मधल्या काळांत मायरन क्रूगर यानें सत्तरच्या दशकांत एक निराळाच प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांतील माणसांच्या छायाकृति त्यानें एकाच पडद्यावर आणल्या. डोळ्यांवर कांहीं बांधावयाचें नाहीं, हातांत कांहीं धरावयाचें नाहीं. त्यांत असें आढळलें कीं, एकाची छाया दुसऱ्याच्या छायेला लागली म्हणजे माणसें संकोचून मागें सरत. अंगाला तर कांहींच लागलें नव्हतें. या लहानशा निरीक्षणाकडे पुढील धंदेवाल्यांनीं वेळींच लक्ष दिलें असतें, तर पुष्कळांचा मनस्ताप वांचला असता.

खांड्याच्या बाजूची खरी प्रगति मात्र शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत न होतां खेळ करणाऱ्यांच्या कचेरींत झाली. लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेच्या खेळविभागांत चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर यांनीं १९८६ च्या सुमारास 'हॅबिटॅट' नांवाचें नगर रचलें. साधा घरगुती कॉमोडोर संगणक टेलिफोनच्या तारेस जोडला कीं पडद्यावर एक बाहुलें उभें राही. तें चाले, बोले, वस्तु उचली, आणि तेथें तशींच इतरांचीं बाहुलीं भेटत. या बाहुल्याला त्यांनीं 'अवतार' हें संस्कृत नांव दिलें, आणि तें जगभर रूढ झालें. आपल्याकडे देव वरून खालीं अवतरतो. येथें कचेरींतून थकून आलेला कारकून जेवणानंतर अवतार घेऊं लागला.

त्या नगराची हकीकत त्याच्या कर्त्यांनींच पुढें लिहिली, आणि ती या विषयावरील सर्वांत वाचनीय लिखाणांपैकीं आहे. कर्त्यांनीं रहिवाशांसाठीं समारंभ व शर्यती आखल्या होत्या. एक गुप्त खजिन्याचा शोध रचण्यास त्यांना कित्येक आठवडे लागले. एका चतुर रहिवाशानें तो अवघ्या आठ तासांत उलगडला, आणि इतरांस भाग घेण्याची संधीच मिळाली नाहीं. याउलट ज्या गोष्टी कोणीं आखल्या नव्हत्या त्या आपोआप उगवल्या. रहिवाशांनीं लग्नें लावलीं, वर्तमानपत्र काढलें. शस्त्रें बाळगण्याची मुभा होती म्हणून चोऱ्यामाऱ्या झाल्या, आणि 'येथें केलेला खून हा गुन्हा कीं खेळ' असा वाद पेटला. प्रत्यक्ष जीवनांत ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मोपदेशक असलेल्या एका गृहस्थानें तेथें 'पवित्र अक्रोडाचा संप्रदाय' स्थापिला. त्याच्या अनुयायांनीं शस्त्र धरावयाचें नाहीं, चोरी करावयाची नाहीं, हिंसा करावयाची नाहीं. शेवटीं नगराचा कोतवाल मतदानानें निवडण्यांत आला. चित्रें पाहूं गेल्यास तीं अगदीं ओबडधोबड होतीं. परंतु समाज उभा राहण्यास हुबेहूब चित्र लागत नाहीं. एकमेकांस दिसणें आणि एकमेकांस उत्तर देणें एवढें लागतें, असें या प्रयोगानें दाखविलें. पुढील कित्येक कंपन्यांनीं कोट्यवधि डॉलर चित्राच्या हुबेहूबपणावर घालविले, त्यांनीं हा लेख वाचला होता कीं नाहीं कोण जाणे.

दोन्ही बाजूंचा सांधा १९८९ सालीं जुळला. जॅरन लॅनियर याच्या व्ही. पी. एल. कंपनीनें डोळ्यांवरील यंत्र व हातांतील संवेदी मोजे एकत्र करून दोन माणसांना एकाच आभासी खोलींत एकमेकांसमोर उभें केलें. त्या योजनेचें नांवच 'दोघांसाठीं बांधलेलें वास्तव' अशा अर्थाचें होतें. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडीं बसला तो लॅनियरमुळें. यंत्र अतोनात महाग, चित्र अडखळतें. मान वळविल्यावर दृश्य उशिरां वळे. डोकें फिरणें आणि चित्र फिरणें यांत सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागाहून अधिक अंतर पडलें तर पाहणाऱ्याला मळमळूं लागतें, आणि हा हिशेब साधण्याइतके वेगवान् संगणक त्या काळीं नव्हते. कंपनी फार टिकली नाहीं. १९९२ सालीं नील स्टीफन्सन याच्या कादंबरींत 'मेटाव्हर्स' हा शब्द आला, आणि शब्द पुढें व यंत्र मागें असा उलटा क्रम पुढें वीस वर्षें चालला.

त्या काळांत सभा भरल्या त्या साध्या पडद्यावरच. २००३ सालीं 'सेकंड लाइफ' नांवाची आभासी भूमि लोकांस खुली झाली. तींत जागा विकत घेतां येई, घर बांधतां येई, दुकान घालतां येई. २००७ च्या मे महिन्यांत मालदीव व स्वीडन या राष्ट्रांनीं तेथें आपापले वकिलातीचे वाडे उघडले. स्वीडनच्या वाड्याचें उद्घाटन त्या देशाचे परराष्ट्रमंत्री कार्ल बिल्ट यांनीं केलें. पारपत्र मात्र तेथें मिळत नसे.

याहून अधिक विचारार्ह घटना त्याच सालच्या २७ सप्टेंबर रोजीं घडली. आय. बी. एम. या संगणक कंपनीच्या इटलींतील कामगारांचा वेतनाबाबत वाद चालूं होता. थोड्या वाढीची मागणी केली असतां उलट वार्षिक लाभांतील रक्कमच कापली गेली, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीनें सेकंड लाइफमध्यें मोठमोठीं बेटें घेऊन तेथें आपली मांडणी केली होती. कामगारांनीं विचार केला कीं, कंपनीला जेथें मिरवावयाचें आहे तेथेंच आपणहि जावें. आंतरराष्ट्रीय कामगार-संघाच्या मदतीनें निदर्शकांना आधीं शिकविण्यांत आलें: अवतार कसा घ्यावयाचा, फलक कसा धरावयाचा, कोठें जमावयाचें. संघाच्या गणनेप्रमाणें ३० देशांतून सुमारें १,८५० अवतार त्या दिवशीं कंपनीच्या बेटांवर दाटले; कोणी मनुष्यरूपानें, कोणी भलत्याच चमत्कारिक रूपानें. इटलींतील खऱ्या कारखान्याच्या दारांत इतक्या देशांचे लोक उभे करणें कोणत्याहि संघास परवडलें नसतें. शिवाय या जमावावर लाठी चालण्याचाहि प्रश्न नव्हता. पुढें थोड्याच महिन्यांत नवा करार झाला. तो या निदर्शनामुळेंच झाला असें म्हणणें धाडसाचें होईल, पण निदर्शनाची दखल जगभरच्या वर्तमानपत्रांनीं घेतली, आणि संपाला हवी असते ती दखल त्याला मिळाली.

पुढच्याच सालीं, म्हणजे २००८ मध्यें, त्याच कंपनीनें आपल्या दोनशेंहून अधिक तंत्रज्ञांची परिषद त्याच भूमींत भरविली. प्रवास, निवास व गमावलेला वेळ धरून सुमारें ३,२०,००० डॉलर वांचले, असा तिचा हिशेब होता. ज्या मंडपांत मालकानें पैसे वांचविले त्याच मंडपांत नोकरांनीं पैसे मागितले होते, ही गोष्ट बहुतेक वृत्तांतांत शेजारीं शेजारीं येत नाहीं.

आजारपणामुळें किंवा अपंगत्वामुळें ज्यांना घराचा उंबरठा ओलांडतां येत नाहीं अशांना ही भूमि विशेष लाभली, हें येथें सांगितलें पाहिजे. चाकांच्या खुर्चीवरील मनुष्य तेथें नाचूं शके. आणि आपल्या आजाराविषयीं कोणाला किती सांगावयाचें हें त्याचें त्यानें ठरवावयाचें असे. प्रथम सारें बोलणें अक्षरांत चाले, त्यामुळें बहिऱ्या माणसाचें कांहीं अडत नसे. २००७ सालीं आवाजानें बोलण्याची सोय झाली, बहुतेकांना ती सुधारणा वाटली, आणि ज्यांना ऐकूं येत नाहीं ते पुन्हां एकदां सभेच्या कडेला जाऊन बसले.

शिरोयंत्राचा दुसरा जन्म २०१२ सालीं झाला. ऑक्युलस नांवाच्या लहानशा कंपनीनें लोकवर्गणीनें सुमारें २४ लाख डॉलर जमविले. २०१४ सालीं फेसबुकनें ती कंपनी सुमारें २ अब्ज डॉलरांस घेतली. मधल्या काळांत खिशांतल्या टेलिफोनमुळें लहान, स्पष्ट पडदे व हालचाल मोजणारे सूक्ष्म भाग स्वस्त झाले होते, आणि सदरलंडचा छतापासून लोंबणारा दांडा कोणाच्याहि डोक्यावर असण्याचें कारण उरलें नव्हतें. २०१५ सालीं 'आल्टस्पेस' नांवाची सभाभूमि निघाली. तेथें अवतारांनीं विनोदी कार्यक्रम केले, प्रार्थना केल्या, अनोळखी माणसांशीं रात्ररात्र गप्पा मारल्या. मान हालली तर अवताराची मान हाले, हात हालला तर हात. त्यामुळें ओळखीचा मनुष्य केवळ त्याच्या मान डोलावण्यावरून ओळखूं येई. चेहरा मात्र यंत्रानेंच झांकलेला असल्यामुळें हंसूं कोणाचेंहि दिसत नसे. मुखाच्या भेटीसाठीं निघालेल्या यंत्रानें प्रथम मुखच झांकावें, ही या कलेची मूळची गोम आहे.

दुसरी गोम याहून कडू आहे. २०१६ पासून अनेक स्त्रियांनीं जाहीर तक्रारी केल्या कीं, या सभांतून अनोळखी अवतार त्यांच्या अवताराला घेरतात, नको तसे हात लावतात. 'स्पर्श झालाच कोठें?' असें विचारणारे पुष्कळ निघाले. त्यांना क्रूगरच्या छायांची गोष्ट माहीत नव्हती. मन ज्या देहाला आपला मानून वावरतें त्या देहाचा अपमान मनाला लागतोच. हुबेहूबपणा जितका अधिक, तितका हा घाव अधिक. हळूहळू अवताराभोवतीं अदृश्य कुंपण घालण्याची सोय झाली. फेसबुकनें २०२१ सालीं आपलें नांव मेटा असें बदललें, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत आपल्या सभाभूमींत दोन अवतारांमध्यें सुमारें चार फुटांचें अंतर सक्तीनें राखण्याचा नियम केला. हॅबिटॅटच्या कोतवालाची निवडणूक होऊन तोंवर पस्तीस वर्षें उलटलीं होतीं.

२०२० च्या मार्चमध्यें महामारीनें जगांतील सभागृहें बंद केलीं. आभासी वास्तवावर संशोधन करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद त्याच महिन्यांत २२ ते २६ तारखांस ॲटलांटा येथें भरावयाची होती. ज्यांनीं आयुष्यभर आभासी सभांवर लेख लिहिले ते स्वतः मात्र विमानानेंच एकत्र जमत आले होते. आतां त्यांना आपल्याच विद्येची परीक्षा द्यावी लागली. परिषद घरोघरीं बसून झाली. व्याख्यानें पडद्यावर आणि भेटीगांठी मोझिला संस्थेच्या 'हब्ज' या आभासी मंडपांत, असा बेत होता. शिरोयंत्र नसलें तरी साध्या संगणकावरून तेथें शिरतां येत असे. एच. टी. सी. या शिरोयंत्रें करणाऱ्या कंपनीनेंहि १९ मार्च रोजीं आपली व्यापारी परिषद संपूर्णपणें आभासी मंडपांत भरविली, आणि ५५ देशांतून लोक तेथें आले. व्याख्यान ऐकण्याचें काम अशा ठिकाणीं ठीक होतें. व्याख्यानानंतर पडवींत चहा घेतांना, ओळख नसलेल्या मनुष्याशीं सहज बोलणें होऊन त्यांतून सोयरीक, नोकरी किंवा नवी विद्या निघते, तें मात्र कोणत्याहि यंत्रास पुरतें साधलें नाहीं. कारण तें घडतें तें कोणीं ठरविलेलें नसतें म्हणून.

भारतांत या काळांतील एक प्रसंग बराच बोलला गेला. २०२२ च्या फेब्रुवारींत तामिळनाडूंतील एका लहान गांवांत एक विवाह मोजक्या मंडळींत झाला, कारण पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी निर्बंध होते. लग्न लागलें तें खरोखरीच्या मंडपांत. स्वागतसमारंभ मात्र त्यानंतर आभासी वाड्यांत झाला, आणि दूरदूरचे मित्र अवताररूपानें आले. वधूचे वडील आधींच निवर्तले होते. त्यांचा अवतार तयार करवून घेण्यांत आला होता, आणि वधूवरांना आशीर्वाद देण्यास तोहि तेथें उभा होता. खांड्याच्या चालीस येथें जो फांटा फुटला तो विचार करावयास लावणारा आहे. खांडा धाडणारा सरदार दूर असला तरी जिवंत असे, आणि खांडा कोणाचा हें त्याच्या अनुमतीनें ठरे. या पित्याच्या अनुमतीचा प्रश्नच उरला नव्हता. तरी ज्या मुलीला त्या मूर्तीसमोर उभें राहून समाधान वाटलें तिच्या समाधानास खोटें म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

महामारी ओसरली, विमानें उडूं लागलीं, आणि आभासी मंडप ओस पडूं लागले. आल्टस्पेसला पैशाअभावीं २०१७ सालींच कुलूप लागण्याची वेळ आली होती. तेव्हां मायक्रोसॉफ्टनें ती विकत घेऊन तगविली. पण १० मार्च २०२३ रोजीं ती कायमची बंद झाली. आठ वर्षें ज्या ठिकाणीं माणसें नित्य भेटत आलीं त्या जागेचें दुसऱ्या दिवशीं कांहींहि शिल्लक नव्हतें. गांवचें देऊळ पडलें तरी जोतें राहतें, वाडा जळला तरी त्याच्या मालकाविरुद्ध कुळांचा कांहीं हक्क असूं शकतो. येथें भूमि, भिंती, दारें आणि अवतार हें सारेंच कंपनीचें. रहिवाशांनीं शेवटच्या रात्रीं जमून निरोप घ्यावा, एवढेंच त्यांच्या हातीं राहतें. मोझिलानेंहि ३१ मे २०२४ रोजीं आपली हब्ज ही सेवा थांबविली. मात्र तिची रचना सर्वांस मोफत खुली केलेली असल्यामुळें ज्याला येईल त्यानें स्वतःच्या यंत्रावर तो मंडप पुन्हां उभारावा, अशी सोय आहे. ओक्लंड येथील एका संगणक-खेळांच्या संग्रहालयानें जुन्या हॅबिटॅटचेंहि असेंच पुनरुज्जीवन केलें. तें नगर आतां पुन्हां चालतें. रस्ते, घरें आणि बाहुलीं १९८६ सालचीं आहेत.